नोकरीसाठी पक्षात जावं का? एका जुन्या सेवेचं परीक्षण

भरतीची जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा लांबते, परीक्षा झाली तर निकाल कोर्टात अडकतो. मग पारावर, टपरीवर, पाहुण्यारावळ्यांत एक सल्ला हमखास मिळतो: "साहेबांच्या मागं रहा, कुठंतरी लावून देतील." महाराष्ट्रातल्या पोरांना गेली पन्नास-साठ वर्षं दिला जाणारा हा सल्ला एखादी सेवा समजून तपासला तर हाती काय लागतं, एवढंच इथे बघायचं आहे. कोणता पक्ष चांगला हा प्रश्न इथे नाही. या बाबतीत सगळ्यांचा कारभार थोड्याफार फरकाने सारखाच आहे.

निकाल आधीच सांगतो. कायम सरकारी नोकरीसाठी ही सेवा जवळपास निरुपयोगी आहे. कंत्राटी आणि कारखान्यातल्या कामासाठी ती चालते, पण मिळालेलं काम साहेबांच्या खुर्चीएवढंच टिकतं. आणि ज्याला पुढे वर्दी घालायची आहे त्याने ती जपूनच वापरावी. कारण या सेवेची खरी किंमत वर्गणीत नसते, ती पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात असते.

प्रवेश आणि बढती

सदस्य होणं सोपं आणि जवळपास फुकट आहे. भाजपने २०१४ च्या अखेरीस मिस्ड कॉलवर नोंदणी सुरू केली. काँग्रेसची पावती पाच रुपयांची. नोकरीच्या दृष्टीने या सदस्यत्वाची किंमत शून्य धरा, कारण साहेबांच्या कार्यालयात लाखांच्या यादीतलं तुमचं नाव कुणी शोधत बसत नाही.

वजन येतं ते पुढच्या पायरीवर. भाजपच्या २०२४ च्या मोहिमेत सक्रिय सदस्य व्हायला स्वतः पन्नास सदस्य नोंदवावे लागत होते. इतर पक्षांत गटप्रमुख, शाखाप्रमुख, बूथप्रमुख अशा पायऱ्या असतात. नाव काहीही असो, मोजमाप एकच: मतदार यादीच्या एका भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात, त्यातली किती घरं तुम्हाला नावानिशी माहीत आहेत आणि मतदानाच्या दिवशी दुपारी तीननंतर त्यातली किती माणसं तुम्ही बाहेर काढू शकता. हे दाखवायला किमान एक निवडणूक अंगावर घ्यावी लागते. त्याआधी सतरंज्या उचलण्याचं काम असतं, आणि ते कुणाच्याच खात्यात जमा होत नाही.

वेळेचा अंदाज इथेच चुकतो. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. नगरसेवक नाही म्हणजे वॉर्डातल्या पोरासाठी कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला फोन करणारा माणूसच नाही. त्या काळात पक्षात आलेल्यांनी वर्षानुवर्षं बॅनर बांधले आणि मागायला गेले तेव्हा समोर प्रशासक होता. सेवा घ्यायचीच असेल तर आधी बघा, तुमच्या भागात निवडून आलेला माणूस आज खुर्चीवर आहे का.

सरकारी भरतीत काय चालतं

सरळसेवेच्या मोठ्या परीक्षा आता टीसीएस किंवा आयबीपीएससारख्या संस्था संगणकावर घेतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. परीक्षा, सामान्यीकरण करून (म्हणजे वेगवेगळ्या सत्रांतल्या पेपरांचे गुण एका पातळीवर आणून) काढलेले गुण, यादी, कागदपत्र पडताळणी. मुलाखत नाही. केंद्राने तर गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासूनच बंद केल्या. मुलाखतच नसेल तर फोन कुणाला लावणार?

राज्यसेवेत मुलाखत आहे, पण वर्णनात्मक पद्धतीत एकूण २,०२५ गुणांपैकी ती २७५ गुणांची. तिथे दबाव आणण्याचा प्रयत्न उघड झाला तर उमेदवार अपात्र ठरतो.

खासगी अनुदानित शाळांत शिक्षकांची भरती शासनाच्या 'पवित्र' या ऑनलाइन पोर्टलवरून होते. मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन मार्ग आहेत, आणि दुसऱ्या मार्गात संस्थाचालकाचा शब्द अजून थोडा चालतो. पण तिथपर्यंत पोचायला अभियोग्यता चाचणीचे गुण लागतातच. शाळेतल्या शिपायाची जागा ही एके काळी गावच्या पुढाऱ्याची हक्काची भेट होती. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने ती नियमित जागाच गेली, तिच्या बदल्यात शाळेला शिपाई भत्ता आला. अजूनही कुणी 'शाळेत शिपाई म्हणून चिकटवतो, परमनंट होईल' म्हणत असेल तर त्याला हा निर्णय वाचायला द्या.

पोलीस पाटील पदाला लेखी परीक्षा ८० आणि मुलाखत २० गुणांची असते, त्यामुळे स्थानिक वजन थोडं लागू पडतं. गंमत अशी की ज्याच्या वजनावर हे पद मिळवलं त्याच्याच प्रचाराला मग जाता येत नाही, कारण पोलीस पाटलाला राजकारणात भाग घेण्यास मनाई आहे.

तरीही 'अमक्याला साहेबांनी लावलं' ही कथा मरत नाही. त्यामागे एक साधी युक्ती असते. दलाल दहा उमेदवारांकडून पैसे किंवा कोरे धनादेश घेतो आणि करत काहीच नाही. दहापैकी एक-दोघे स्वतःच्या गुणांवर पास होतात. त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांचे थोडे कापून परत करतो आणि 'बघा, माणूस प्रामाणिक आहे' अशी ख्यातीही मिळवतो. दलाल नसेल तर निदान सत्कार असतोच: गुणवत्तेवर निवड झालेल्या पोराला साहेब शाल घालतात, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो, आणि पुढच्या वर्षी गाव तोच फ्लेक्स पुरावा म्हणून दाखवतं.

कंत्राटी काम: इथे सेवा चालते

महापालिका, सरकारी रुग्णालय, वीज वितरण, जिल्हा परिषद यांना माणसं लागतात आणि ती निविदेतून आलेली एजन्सी पुरवते. एजन्सीला दोन गोष्टी हव्या असतात: वेळेवर बिल आणि साइटवर शांतता. दोन्हींसाठी स्थानिक लोकप्रतिनिधी लागतो. म्हणून त्याच्याकडून आलेल्या यादीतली काही नावं ती घेते. सफाई, सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, चालक, डेटा एंट्री, मीटर रीडिंग ही या यादीतली नेहमीची कामं.

राज्य सरकारने ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने अशा मनुष्यबळासाठी नऊ एजन्सी नेमल्या होत्या. ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला. रद्द झाली ती नऊ नावं. खात्यांच्या आणि महापालिकांच्या स्वतंत्र निविदांमधून माणसं घेणं थांबलं नाही.

मागण्याची पद्धत बहुतेकजण चुकवतात. लेटरहेडवरचं शिफारसपत्र घेऊन फिरू नका. तशी पत्रं रोज निघतात आणि त्यांचं काय होतं ते पत्र देणाऱ्यालाही माहीत असतं. उपयोगी पडतो तो साइट सुपरवायझरला किंवा एजन्सीच्या व्यवस्थापकाला केलेला थेट फोन, तोही तुम्ही समोर बसलेले असताना. त्याआधी तुम्हीच माहिती काढून न्या: निविदा कुणाकडे आहे, कोणत्या पाळीत जागा रिकामी आहे, जुना माणूस कधी सोडतोय. 'साहेब, काहीतरी बघा' असं म्हणणाऱ्याला 'बघतो' हेच उत्तर मिळतं. आधार, पॅन, आधारशी जोडलेलं बँक खातं, अधिवास दाखला, गुणपत्रिका यांचा संच सोबत असू द्या. सुरक्षारक्षकाचं काम हवं असेल तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं १६० तासांचं प्रशिक्षण आधी पूर्ण करा. प्रमाणपत्र असलेला माणूस यादीत वर जातो. त्याहून बरं म्हणजे १९८१ च्या राज्य कायद्याने बनलेल्या सुरक्षा रक्षक मंडळात नोंदणीची संधी मिळाली तर ती सोडू नका. मंडळाची नोंदणी एजन्सी बदलली तरी तुमच्याकडेच राहते.

काम मिळाल्यावरची तपासणी जास्त महत्त्वाची. नियुक्तिपत्र कुणाच्या नावाचं आहे ते बघा: रुग्णालयाचं की एजन्सीचं? एजन्सीचं असेल तर रुग्णालय तुमचं मालक नाही, गेटवर त्यांचंच ओळखपत्र गळ्यात असलं तरी. यूएएन क्रमांक (भविष्य निर्वाह निधीचा तुमचा कायमचा क्रमांक) पहिल्याच महिन्यात मागा आणि भविष्य निर्वाह निधीचं पासबुक दर महिन्याला उघडा. तुमच्या पगारातले १२ टक्के आणि मालकाचा वाटा दोन्ही दिसले पाहिजेत. ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के कापले जात असतील (२१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला हे लागू होतं) तर विमा क्रमांक मिळालाच पाहिजे. फसवणुकीचे नेहमीचे प्रकार तीन. पावतीवर कपात दाखवायची पण भरायची नाही. बँकेत पूर्ण किमान वेतन जमा करायचं आणि दोन दिवसांनी त्यातले काही हजार रोख परत मागायचे. आणि वर्षात २४० दिवस भरून सलग सेवेचे हक्क मिळू नयेत म्हणून मध्येच खंड द्यायचा. यातल्या दुसऱ्या प्रकारात पक्षाची वाट फार आडवी येते. साहेबांच्या माणसाने लावलेल्या कामात साहेबांच्याच माणसाची तक्रार कशी करणार? या सेवेतला सगळ्यात मोठा दोष कोणता, असं विचारलं तर हाच.

निविदा संपली की नवी एजन्सी आणि नवी यादी. साहेब पडले असतील तर यादी पुढच्या साहेबांची. 'पाच वर्षं काढली, आता कायम करतील' या आशेला सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालातच मोठी खीळ घातली: भरतीप्रक्रिया टाळून घेतलेल्या तात्पुरत्या माणसाला केवळ वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. नंतरच्या काही निकालांत अपवाद निघाले आहेत, पण ते मिळवायला वकील आणि बरीच वर्षं लागतात.

एमआयडीसीत चित्र थोडं वेगळं आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांत किमान ५० टक्के आणि इतर जागांत ८० टक्के स्थानिक घ्यावेत, असं राज्याचं २००८ चं धोरण आहे. या आकड्याचा धाक दाखवून पक्षाचा माणूस गेटवर उभा राहतो आणि बऱ्याचदा स्वतःच मजूर कंत्राटदार होतो. पोरांना हेल्परची जागा मिळते, कंत्राटदाराला दर माणशी कमिशन मिळतं, कंपनीला शांतता मिळते. आयटीआय झालेल्याने या वाटेने हेल्पर म्हणून शिरण्यापेक्षा कंपनीत थेट शिकाऊ म्हणून अर्ज करावा. एकदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव लागलं की कंपनीच्या पटावर जाणं जवळपास अशक्य होतं.

साहेबांनी दिलेलं, पण साहेबांचं नसलेलं

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे फॉर्म २०२४ मध्ये गावोगावच्या पक्ष कार्यालयांत भरून घेतले गेले. वय १८ ते ३५. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, थेट खात्यात. मुदत सहा महिने, नंतर ती पाच महिने वाढली. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर स्वतः करता येते, त्यात पक्षाचा काडीचाही संबंध नाही. ही नोकरी नव्हे, प्रशिक्षण आहे, आणि ते संपल्यावर कायम करण्याचं बंधन कुणावर नाही. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थींना कायम करा म्हणून आंदोलनं करावी लागली, कारण फॉर्म भरून घेताना हे कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं.

पक्षांच्या रोजगार मेळाव्यांचंही तसंच. मंचावर वाटलेलं पत्र उलटून वाचा. बऱ्याचदा ते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं किंवा शिकाऊ उमेदवारीचं असतं. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाचे मेळावे याच कंपन्या घेऊन भरतात आणि तिथे हारतुऱ्यांत दोन तास जात नाहीत.

पदांचं सांगायचं तर विशेष कार्यकारी अधिकारी, संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीचा अशासकीय सदस्य, रुग्ण कल्याण समिती, दक्षता समिती ही सगळी 'जबाबदारी' आहे. लेटरहेड छापता येतं, शिक्का मिळतो. पगार नाही.

निवडणुकीचा हंगाम

रोख पैसा खरोखर फिरतो तो या पाच-सहा आठवड्यांत. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये, लोकसभेला ९५ लाख. एका व्यक्तीला रोखीने १०,००० पेक्षा जास्त देता येत नाहीत, त्याहून मोठी रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी लागते. गाडी, ध्वनिक्षेपक, व्हिडिओ, समाजमाध्यमं, मतदार यादीचं डिजिटल काम यांचे पैसे होतात. घोषणा द्यायला जाणाऱ्याला जेवण आणि पेट्रोल. म्हणून कौशल्य विका, हजेरी विकू नका: व्हिडिओ संपादन, एक्सेल, मतदार यादीचं ॲप हाताळणं, ड्रोन. आणि अर्धे पैसे आधी घ्या. निकालाच्या दिवशी हरलेल्या उमेदवाराचा फोन लागत नाही, आणि जिंकलेल्याभोवती इतकी गर्दी असते की तुमची उधारी त्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

खरी किंमत

आंदोलन करणाऱ्या प्रत्येक पक्षाला पुढे उभं राहायला पोरं लागतात. रस्ता अडवला, मनाई आदेश मोडला, की बेकायदा जमावाचं कलम लागतं, सोबत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १३५. नेत्याला अर्ध्या तासात सोडतात, फोटो छापून येतो. तुमचं नाव मात्र एफआयआरमध्ये राहतं आणि दोन वर्षांनी चारित्र्य पडताळणीच्या वेळी वर येतं. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. एवढ्या रांगेत एक प्रलंबित गुन्हा परवडत नाही.

'सरकार आलं की केस मागे घेतील' हे आश्वासन अर्धंच खरं आहे. राजकीय आंदोलनांचे गुन्हे मागे घ्यायचे शासन निर्णय निघतात, पण त्यात अटी असतात: जीवितहानी नको, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांपेक्षा जास्त नको. प्रकरण समितीपुढे जातं, शेवटी न्यायालयाची परवानगी लागते. यात भरतीचं वय निघून जातं.

गुन्हा असेल तर तो साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नियुक्तीच्या वेळी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात हे सविस्तर सांगितलं आहे. खरी माहिती दिली आणि गुन्हा किरकोळ असेल तर नियुक्ती अधिकारी परिस्थिती बघून सवलत देऊ शकतो. लपवलं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. केवळ आधी एखाद्या पक्षात होता म्हणून सरकारी नोकरी नाकारता येत नाही, हेही १९८३ च्या मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवलं आहे. म्हणजे कार्डाची भीती नाही, केसची आहे.

पैसे देऊन 'सेटिंग' करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४). दुसरं, नोकरीसाठी दिलेल्या लाचेचे पैसे दिवाणी दाव्याने परत मिळवणं फार अवघड, कारण कराराचा उद्देशच बेकायदा असतो. शेत गहाण ठेवून दिलेले लाखो रुपये यामुळेच बुडतात. मूळ प्रमाणपत्रं आणि सही केलेले कोरे धनादेश कुणाच्याही हाती देऊ नका, तो सख्ख्या मामाचा साडू असला तरी.

कधी काळी बरी चालली होती

या सेवेचं एक रूप खरंच उपयोगी होतं. १९६६ मध्ये शिवसेना निघाली आणि पुढच्या दशकात स्थानीय लोकाधिकार समितीने मुंबईतल्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्यांत मराठी मुलांसाठी जागा मिळवल्या. मोर्चे आणि दमदाटी सगळ्यांना आठवते. पण समितीचे लोक जाहिराती शोधून फॉर्म पोचवत, भरून घेत, परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करून घेत, आणि आस्थापनेत कोणत्या वर्गात किती जागा रिकाम्या आहेत याचा हिशेब ठेवत. माथाडींचंही तसंच: १९६९ च्या कायद्याने मंडळं झाली, नोंदणी झाली, आणि हमालाला मुकादमाच्या मर्जीऐवजी मंडळाचा पगार मिळू लागला. दोन्हीकडे संघटनेने जे मिळवलं ते नियमात किंवा यादीत उतरलं, म्हणून टिकलं. आजच्या कार्यालयात जाऊन एवढंच विचारून बघा: 'आपल्या तालुक्यात कोणत्या खात्यात किती पदं रिक्त आहेत?' उत्तर देणारा पदाधिकारी भेटला तर त्याच्यासोबत रहायला हरकत नाही. असे आहेत, पण थोडे.

बाहेर पडताना

सरकारी नियुक्ती मिळाली तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम ५ लागू होतो: कोणत्याही राजकीय पक्षाचं सदस्य राहता येत नाही. रुजू होण्याआधी तालुकाध्यक्षांच्या नावे राजीनामा द्या, पोच घ्या, तारीख दिसेल अशी. ईमेलची प्रत ठेवा. पक्षाच्या व्हॉट्सॲप गटांतून निघा, समाजमाध्यमांवरच्या ओळखीतून पद काढा, आणि गावात लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून आपला फोटो काढायला सांगा. तक्रार करणारा बहुतेकदा शेजारच्याच वॉर्डातला असतो. राजीनाम्याचं कारण एका ओळीत लिहा: शासकीय सेवेत निवड झाली आहे. आभार मानायचे असतील तर भेटून माना, जाहिरात देऊन नको.